येऊ द्या, येऊ द्या… बस्स! : गाडी मागे लावण्याविषयी वाचकांचे प्रश्न

गाडी चालवण्याच्या चाचणीविषयी प्रश्न पाठवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. सिग्नल आणि कागदपत्रांबद्दल मोजकी पत्रं आली. बाकी सगळी रिव्हर्सबद्दल. कोकणात ते साहजिकच आहे. इथली वाट अरुंद, एका बाजूला गडगा म्हणजे दगडी कुंपण, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, आणि घर बहुतेक वेळा चढावर किंवा उतारावर.

उत्तरांतली मापं हल्लीच्या वॅगनआरची धरली आहेत: लांबी ३,६५५ मिलीमीटर, आरसे सोडून रुंदी १,६२०, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २,४३५ आणि टर्निंग रेडियस (पूर्ण वळताना गाडीला लागणारी त्रिज्या) ४.७ मीटर. तुमची गाडी वेगळी असेल तर मापं थोडी बदलतील, रीत तीच राहील.

रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवायचं असं ड्रायव्हिंग स्कूलमधले सर सांगतात. भाऊ म्हणतो, उलटं वगैरे काही नाही. खरं काय? — दापोली

भाऊ बरोबर आहे. स्टिअरिंग डावीकडे काटलं की गाडीची मागची बाजू डावीकडे जाते, उजवीकडे काटलं की उजवीकडे. ‘उलटं’ वाटतं ते बोनेटकडे बघत रिव्हर्स घेतल्यामुळे, कारण त्या वेळी बोनेट विरुद्ध बाजूला फेकलं जातं. नजर मागे ठेवा, गोंधळ आपोआप संपेल.

बोनेट का फेकलं जातं ते मात्र नीट समजून घ्या, कारण चाचणीत खांबांमध्ये गाडी रिव्हर्स घालताना खांबाला लागण्याचं निम्मं कारण तिथे आहे. होडी आठवा. सुकाणू मागच्या टोकाला असतं, म्हणून वळताना होडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला सरकतो. रिव्हर्समध्ये गाडीची होडी होते. जिकडे जायचं तिकडे न वळणारी चाकं, आणि वळणारी चाकं शेपटीला. त्यामुळे गाडी जणू मागच्या चाकांवर फिरते आणि नाक झाडूसारखं बाहेरून फिरतं.

आकड्यांत सांगायचं तर पूर्ण काटलेल्या स्टिअरिंगवर वॅगनआरचं पुढचं बाहेरचं चाक ४.७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतं, तर मागचं आतलं चाक साधारण २.६ मीटरच्या. पुढच्या बंपरचा बाहेरचा कोपरा तर पाच मीटरच्याही पलीकडून जातो. म्हणजे डावीकडे फुल कट मारून मागे घेताना बोनेटचा उजवा कोपरा मूळ रेषेपेक्षा जवळजवळ एक मीटर उजवीकडे जातो. शिकणारा डाव्या आरशात खांब बघत असतो आणि उजवीकडून दुसऱ्याची स्कूटर पडते, ती याच एका मीटरमुळे. मागे घेताना दर दोन-तीन सेकंदांनी एकदा उजव्या पुढच्या कोपऱ्याकडे बघायची सवय लावा.

आणखी एक मोजणी आजच करून ठेवा. गाडी अगदी हळू चालती ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, फेरे मोजा आणि निम्मे करा. बहुतेक छोट्या गाड्यांत मध्यापासून एका बाजूला दीड ते पावणेदोन फेरे येतात. हा आकडा पाठ नसेल तर चाकं सरळ झाली की नाही हे गाडीत बसून कळत नाही, आणि गाडी पुढे घेताना ती भलत्याच दिशेला उडी मारते.

दोनदा खांबाला लागून नापास झाले. ‘खांब मागच्या काचेच्या कोपऱ्यात आला की दीड फेरा मार’ असं स्कूलमध्ये शिकवलंय. त्यांच्या गाडीवर जमतं, घरच्या गाडीवर कधीच जमत नाही. तिसऱ्यांदा नापास झाले तर काय? — गुहागर

आधी नियम. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९ नुसार नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तीन वेळा नापास झालात तर शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावं लागतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासोबत पुन्हा प्रशिक्षणही घ्यावं लागतं. कच्चं लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्यासाठीची चाचणी ते निघाल्यावर ३० दिवसांनी देता येते, तेव्हा तारखांचा हिशोब आताच मांडा. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १५व्या नियमात रिव्हर्सची अपेक्षाही लिहिलेली आहे: गाडी मागे घेत असताना डावीकडच्या किंवा उजवीकडच्या मर्यादित जागेत ताबा ठेवून, बऱ्यापैकी अचूकपणे घालता यावी. ‘बऱ्यापैकी’ हा शब्द लक्षात ठेवा. मिलीमीटरची परीक्षा नाही ती.

आता काचेतली खूण. ती खोटी नाही, पण ती स्कूलच्या गाडीची, तिथल्या सीटच्या उंचीची आणि तिथल्या खांबांच्या अंतराची आहे. तुमच्या गाडीची खूण तुम्हालाच काढावी लागेल. ती अशी काढा.

अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब असा चौकोन आखा आणि चार कोपऱ्यांवर काठ्या उभ्या करा. चौकोन तुमच्या डाव्या हाताला, तोंड म्हणजे अडीच मीटरची बाजू तुमच्या रस्त्याकडे. त्याच्या समोरून गाडी सरळ पुढे न्या. चौकोनाची तोंडाकडची रेषा आणि गाडीची डावी बाजू यांच्यात दीड ते दोन मीटर ठेवा. जितकं जवळून जाल तितकं अवघड. एक मीटर वीसच ठेवलंत तर मागचा डावा कोपरा खांबाला चार-सहा सेंटीमीटरवरून जातो, दोन मीटर ठेवलंत तर फूटभर जागा मिळते. लागायची भीती असलेला माणूस खांबाच्या जवळून जातो आणि त्यामुळेच त्याला लागतं, हे गमतीशीर आहे खरं.

तोंडावरच्या दोन खांबांपैकी पुढचा ओलांडून मागचं चाक त्याच्या दोन मीटर पुढे गेलं की थांबा. खाली उतरून टेपने मोजा, अंदाज नको. मग सीटवर नेहमीसारखं बसा आणि खांब कुठे दिसतो ते बघा. डाव्या आरशाच्या बाहेरच्या कडेला, किंवा मागच्या डाव्या काचेत. ही तुमची खूण. तीन-चारदा मोजून पक्की करा आणि सीट त्यानंतर हलवू नका. चाचणीच्या दिवशी सीट एक खाच पुढे गेली तरी खूण चुकते.

तिथून फुल कट डावीकडे आणि हळूहळू मागे. अर्धं वळण झालं की नजर डाव्या आरशात, मागच्या चाकावर. तोच जवळचा खांब चाकाच्या बाहेरून जातोय ना, एवढंच बघा. गाडी दोन्ही काठ्यांच्या रांगेला समांतर व्हायला जरासं कमी असतानाच स्टिअरिंग सोडवायला सुरुवात करा, कारण फेरे उलगडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी पुरी वळते. दोन्ही आरशांत दोन्हीकडची पट्टी सारखी दिसली की सरळ मागे.

चुका दोनच प्रकारच्या. खुणेच्या पुढे जाऊन काटलंत तर जवळच्या खांबाला मागची डावी बाजू लागते. खुणेच्या अलीकडेच काटलंत तर शेपूट लांबच्या खांबाकडे जातं. कोणता खांब पडतो ते बघितलं की चूक कळते. ‘मला जमत नाही’ हे निदान नव्हे. लागणार असं दिसलं की थांबा. थांबणं म्हणजे नापास नव्हे, आपटणं म्हणजे नापास. एकदा पुढे घेऊन दुरुस्त करण्याची मुभा आहे का, हे मात्र चाचणी सुरू व्हायच्या आधी इन्स्पेक्टरना विचारून घ्या.

काठ्यांबद्दल एक सूचना. पाण्याच्या बाटल्या ठेवून सराव करणारे पुष्कळ. बाटली सीटवरून दिसतच नाही, मग शिकणार काय? चार-साडेचार फुटांची बांबूची काठी घ्या, तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात खोचा. धक्का लागला तर काठी पडेल, गाडीला ओरखडा येणार नाही. जमिनीवरच्या रेषांसाठी चुन्यापेक्षा सुतळी बरी. चार खिळे आणि सुतळी पावसातही टिकते.

गाडी एकतर बंद पडते, नाहीतर सुसाट मागे जाते. मधलं काही येतच नाही. — श्रीवर्धन

रिव्हर्स गिअर ताकदीला जवळपास पहिल्यासारखाच असतो. क्लच पूर्ण सोडला तर अ‍ॅक्सिलरेटर न देताही गाडी चालणाऱ्या माणसाहून जलद जाते, आणि पार्किंगला तो वेग जास्तच. म्हणून रिव्हर्स पूर्ण सोडलेल्या क्लचवर करायचाच नाही. सपाटीवर अ‍ॅक्सिलरेटरवर पायच नको. उजवा पाय ब्रेकवर, डावी टाच जमिनीला टेकलेली, आणि क्लच फक्त घोट्याने सोडायचा. टाच हवेत असेल तर सगळा पाय उचलला जातो आणि गाडी हिसका देते. क्लच धरायला लागला की इंजिनचा आवाज किंचित जड होतो आणि बोनेट थरथरतं, तिथेच पाय थांबवा. वेग वाढला की क्लच दाबा, कमी झाला की जरासा सोडा.

दिवसाला पंधरा मिनिटं, स्टिअरिंगला हात न लावता फक्त सरळ मागे-पुढे, अर्ध्या क्लचवर. कंटाळवाणं आहे, पण हे झालं नसेल तर खांबांकडे वळूच नका. हात आणि पाय एकाच दिवशी शिकायला गेलं की दोन्ही बिघडतात.

गिअर टाकताना कर्रर आवाज येत असेल तर गाडी पूर्ण थांबायच्या आत तुम्ही रिव्हर्स टाकताय. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला पुढच्या गिअरांसारखी जुळवून घेणारी रचना नसते. क्लच पूर्ण दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका. तरी अडला तर एकदा पहिला टाकून पुन्हा रिव्हर्स. काही गाड्यांत दांडा दाबून, काहींत दांड्याखालची रिंग उचलून रिव्हर्स पडतो. दुसऱ्याची गाडी चाचणीला नेणार असाल तर हे आदल्या दिवशी बघून ठेवा.

आमच्या वाडीतली वाट दहा फुटांची, फाटकही दहा फुटांचं, दोन्हीकडे चिऱ्याचा गडगा. फाटकात रिव्हर्स घालताना चार-पाचदा मागेपुढे करावं लागतं. घरात सगळे हसतात. नवरा म्हणतो, ‘तुका जमाचा नाय.’ — कुडाळ तालुका

त्यांना टेप देऊन वाट मोजायला सांगा. दहा फुटांच्या वाटेवरून दहा फुटांच्या फाटकात वॅगनआर एका दमात रिव्हर्स जाणं जवळपास अशक्य आहे, चालवणारा कोणी असो. वर सांगितलेल्या त्रिज्या घेऊन आणि थोडी मोकळीक धरून हिशोब केला तर दहा फुटी फाटकासाठी वाट साधारण तेरा फूट हवी. किंवा वाट दहाच फूट असेल तर फाटक साधारण पंधरा फुटांचं हवं. तुम्ही चार-पाच झटक्यांत न घासता घालताय, म्हणजे तुम्हाला चांगलंच जमतंय.

झटके दोन-तीनवर आणता येतील. फाटक डाव्या हाताला आहे असं धरू. फाटकाच्या अलीकडे गाडी डाव्या गडग्याच्या जवळ ठेवा, आणि फाटक ओलांडता ओलांडताच उजवीकडे तिरकी करा, म्हणजे रिव्हर्स सुरू करायच्या आधीच गाडी वीस-पंचवीस अंश वळलेली असेल. मग फुल डावीकडे काटून मागे या. मागचा डावा कोपरा खांबापासून फूटभर राहिला की थांबा. आता फुल उजवीकडे काटून पुढे, समोरच्या गडग्यापासून फूटभर राहीपर्यंत. पुन्हा फुल डावीकडे, मागे. मागे येताना डावीकडे आणि पुढे जाताना उजवीकडे, दोन्ही वेळा गाडी त्याच दिशेने फिरते, हे लक्षात आलं की प्रत्येक झटका कामी येतो. नुसतं सरळ पुढे-मागे करणारे वीस झटके मारतात आणि गाडी आहे तिथेच राहते.

पुढेमागे गडगा बांधून काढायचाच असेल तर फाटकाचे खांब वाटेपासून तीन-चार फूट आत घ्या आणि दोन्हीकडचा गडगा त्यांच्यापर्यंत तिरका आणा. चिरे फारसे जास्त लागत नाहीत. पुढची पिढी दुवा देईल.

आणि मागे उभं राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करणाऱ्यांबद्दल. सांगणारा एकच असावा. तो गाडीच्या बरोबर मागे नव्हे, तर मागे उजवीकडे, ड्रायव्हरच्या आरशात पूर्ण दिसेल असा उभा राहिला पाहिजे. आरशात तो दिसेनासा झाला की थांबायचं, मग तो काहीही ओरडत असो. एसटी स्टँडवर बस मागे घेताना कंडक्टर शिट्टी कशासाठी वाजवतो? इंजिनच्या आवाजात ‘बस्स’ आणि ‘बसतंय’ यांतला फरक कळत नाही म्हणून. घरीही शिट्टी वापरा: वाजतेय तोवर या, थांबली की थांबा. उलटं ठरवू नका. शिट्टी वाजवायला विसरला तर गाडी थांबावी, चालू नये. चाचणीत मात्र असा माणूस मिळत नाही, म्हणून निम्मा सराव त्याच्याशिवाय करा.

बाजारात दोन गाड्यांच्या मध्ये लावायला नेहमी भीती वाटते, कारण कडेला उघडं गटार आहे. आमच्या नव्या गाडीला मागे सेन्सर आहेत. ते पुरेसे नाहीत का? — रोहा

गटारासाठी तर अजिबात नाहीत. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, आणि चांगलंच झालं. पण सेन्सर उभ्या वस्तूवर आपटून परत येणारा ध्वनी ऐकतो. गटार म्हणजे तिथे काही नसणं. जे नाही ते त्याला ऐकू येत नाही. बारीक लोखंडी सळई, ताणलेली तार आणि बंपरच्या खालचा चिरा हेही तो हुकवतो. कॅमेरा असेल तर गटार दिसेल, पण नाक उजवीकडे किती फेकलं जातंय ते कॅमेरा सांगणार नाही. शिवाय कोकणातल्या चिखलात त्याची काच दोन दिवसांत लाल होते.

रीत अशी. जागा गाडीच्या लांबीपेक्षा दीड मीटर तरी मोठी हवी. वॅगनआरएवढ्या गाडीला सव्वापाच मीटर, सुरुवातीला साडेपाच. पुढच्या गाडीला समांतर उभे राहा, मध्ये दोन ते तीन फूट ठेवून, दोघांचे मागचे बंपर एका रेषेत. फुल डावीकडे काटून मागे या. उजव्या आरशात मागच्या गाडीचा गटाराकडचा हेडलाइट दिसायला लागला की स्टिअरिंग सरळ करा. मग तसेच तिरके मागे या, तुमच्या पुढच्या बंपरचा डावा कोपरा पुढच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्यातून सुटेपर्यंत. आता फुल उजवीकडे काटा, नाक आत येईल.

या सगळ्यात गटारात जातं ते मागचं डावं चाक, आणि तेही मधल्या तिरक्या टप्प्यात. तो टप्पा लांबला की चाक गेलंच. म्हणून डावा आरसा थोडा खाली वळवून मागचं चाक आणि गटाराची कड एकत्र दिसतील असा ठेवा, आणि कडेपासून दीड फूट राहिलं की नाक सुटलं नसलं तरी थांबा. पुन्हा बाहेर घेऊन परत सुरुवात करायला काही लाज नाही. गटारातून गाडी काढायला चार माणसं आणि एक फळी लागते. लावून झाल्यावर आरसा पुन्हा वर करा. डावा आरसा फुगीर काचेचा असतो, त्यात वस्तू आहे त्याहून लांब दिसते, हेही धरून चाला.

पावसाळ्यात शिकावं की थांबावं? — रत्नागिरी

शिका. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात पाऊस टाळून गाडी चालवता येणार नाही. फक्त पहिले आठ-दहा दिवस कोरड्यात काढा.

पावसात खरी अडचण काचांची. मागची काच आतून धुरकट होते. डिफॉगर (काच तापवून वाफ घालवणारी सोय) असेल तर निघायच्या पाच मिनिटं आधी लावा. नसेल तर एसी पायांकडे न ठेवता काचेवर सोडा आणि मागच्या खिडक्या बोटभर उघड्या ठेवा. आरशांवरचं पाणी पुसायला दारात सुती फडकं ठेवा. चपलेचा तळ ओला असेल तर क्लचवरून पाय सटकतो. पट्ट्याची सँडल चालेल, अंगठ्याची स्लिपर नको. शेवाळलेल्या चिऱ्यावर चाक फिरायला लागलं तर रेस वाढवू नका. पाय काढा, गाडी हातभर पुढे घ्या आणि दुसऱ्या जागेवरून या.

घर चढावर आहे. मागे घेताना क्लच जळाल्याचा वास येतो. — संगमेश्वर तालुका

वास येतो म्हणजे तुम्ही गाडी अर्ध्या क्लचवर धरून उभी करताय. चढावर गाडी उभी करायची ती ब्रेकने किंवा हँडब्रेकने, क्लचने नाही. हँडब्रेक ओढा, रिव्हर्स टाका, थोडी रेस द्या, क्लच धरेपर्यंत सोडा आणि गाडी मागे ओढ घ्यायला लागली की हँडब्रेक खाली. वास आलाच तर दहा-पंधरा मिनिटं थांबा. गरम क्लचवर पुन्हा प्रयत्न केलात तर तो घसरतो, आणखी तापतो आणि शेवटी मेकॅनिकच्या खर्चावर येतो.

एक गोष्ट उपयोगाची. अल्टो, वॅगनआर, स्विफ्ट अशा पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाड्या ओल्या चढावर रिव्हर्समध्ये जास्त चांगल्या चढतात. चढावर वजन खालच्या चाकांवर येतं, आणि रिव्हर्समध्ये खालची चाकं म्हणजे ओढणारी चाकं. नाक पुढे करून चाक फिरत बसत असेल तर गाडी वळवून उलटी चढवून बघा. ईको किंवा बोलेरोला हे लागू नाही. त्यांचा जोर मागच्या चाकांवर असतो, त्यांनी सरळच चढावं.

उभी करताना नाक उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर, चढाकडे असेल तर पहिला. हँडब्रेक तर हवाच. वर एक चिरा चाकाखाली. निघताना तो काढायचा असतो, हे सांगायला नको. सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

सराव कुठे करायचा? मुलं म्हणतात, समुद्रकिनाऱ्यावर भरपूर जागा आहे. — देवगड

किनाऱ्यावर नको. ओली वाळू कडक वाटते, पण पूर्ण काटलेलं चाक तिच्यात पाच मिनिटांत खड्डा करतं, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. खाऱ्या पाण्याने खालचा पत्रा गंजतो तो वेगळा. शिवाय वाळूत स्टिअरिंगला वेगळाच विरोध होतो, त्यामुळे डांबरी मैदानावर हात चुकतो.

सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान, परवानगी घेऊन, सगळ्यांत चांगलं. सडा म्हणजे कातळाचं पठारही सपाट असतं, पण तिथे मालकाला विचारा आणि पायाखाली नीट बघा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि सगळ्यांभोवती कठडे नाहीत. हजारो वर्षांच्या हत्तीवरून तुमचा टायर जाऊ नये.

कुठेही करा, शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि गाडीला पुढे-मागे एल. पांढऱ्यावर लाल, पाटी निदान १८ सेंटीमीटर चौरस आणि अक्षर १० सेंटीमीटर उंच. वहीच्या पानावर पेनाने काढलेला एल चालत नाही.

लायसन्स मिळालं. पण जंगलजेट्टीवर (गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटीवर) गाडी रिव्हर्स चढवायला सांगतात, तेव्हा हात कापतात. — दाभोळ

बोटीवरची माणसं रोज हेच करतात, तेव्हा त्यांच्या हाताकडेच बघा, मागच्या गाडीतल्या सल्ल्याकडे नको. चढायच्या आधी खिडक्या खाली करा आणि गाणी बंद करा. रॅम्पच्या आधी गाडी पूर्ण सरळ करून घ्या, कारण रॅम्पवर काटायला जागा नसते. ओला लोखंडी पत्रा असतो, म्हणून रॅम्पवर थांबू नका आणि रेसचा झटकाही देऊ नका, एकसारख्या अर्ध्या क्लचवर वर या. चढताना मागच्या काचेतून फक्त आकाश दिसतं, त्या दोन सेकंदांत दोन्ही आरशांत रॅम्पच्या कडा बघा. जागेवर आलात की हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि आरसे आत दुमडा. शेजारची गाडी वीतभर अंतरावर येणार आहे.